सॅटर्न सगळीकडे आपटला? नाही हो, जपानमध्ये नाही

नव्वदच्या दशकातल्या सेगा सॅटर्न या व्हिडिओ गेम कन्सोलचं नाव निघालं की कोणीतरी म्हणतंच, "तो तर फ्लॉप, निन्टेन्डो ६४ ने त्याला धुतला." जगभराच्या विक्रीचा आकडा बघितला तर बरोबरच आहे, निन्टेन्डो ६४ जवळपास ३ कोटी ३० लाख आणि सॅटर्न ९० लाखांच्या थोडा वर, म्हणजे बोलायलाच नको. पण हा आकडा फोडून बघा ना जरा. निन्टेन्डो ६४ चे २ कोटींच्या वर पीस एकट्या अमेरिका खंडात गेले, जपानमध्ये जेमतेम ५५ लाख, आणि तिथे सॅटर्न त्याच्या थोडा पुढेच राहिला! पहिला नंबर अर्थात सोनीच्या प्लेस्टेशनचा, तो वाद नाही.

असं का झालं, तर जपानमध्ये सॅटर्न नोव्हेंबर १९९४ लाच आला आणि सोबत 'व्हर्च्युआ फायटर' हे मारामारीचं गेम, जे तिकडच्या आर्केडमध्ये (नाणी टाकून गेम खेळायच्या ठिकाणी) तुफान चाललेलं. निन्टेन्डो ६४ आला थेट जून १९९६ ला, तोही सीडी नाही तर कार्ट्रिजवर (गेमची चिप असलेली डबी), आणि 'फायनल फँटसी ७' हे गाजलेलं गेम तर प्लेस्टेशनकडे गेलेलं. अमेरिकेत मात्र सेगाने स्वतःच्याच पायावर धोंडा मारून घेतला, मे १९९५ मध्ये न सांगता अचानक लाँच, किंमत ३९९ डॉलर, आणि त्याच दिवशी सोनीने स्टेजवर येऊन प्लेस्टेशनचे २९९ सांगितले. संपला विषय.

आणि हो, कंपन्यांचे आकडे बऱ्याचदा दुकानांना पाठवलेल्या मालाचे असतात, गिऱ्हाइकाने घरी नेलेल्या नाही, त्यामुळे चार-पाच लाखांच्या फरकावरून भांडू नका.