चूक मागे घेण्याची सोय कशी आटत गेली

१५ ऑगस्ट २०१० रोजी बिटकॉइनच्या ७४,६३८ क्रमांकाच्या ब्लॉकमधल्या, म्हणजे व्यवहारांच्या नोंदींच्या एका गठ्ठ्यातल्या, एकाच व्यवहारातून सुमारे १८४ अब्ज बिटकॉइन तयार झाले. एकूण नाणी २ कोटी १० लाखांच्या पुढे कधीच जाणार नाहीत, हा तर त्या चलनाचा पाया. झाले होते असे, की दोन अवाढव्य रकमांची बेरीज ६४ बिटांत मावली नाही आणि उत्तर ऋण आले. जमेपेक्षा खर्च जास्त नाही ना, एवढेच पाहणाऱ्या तपासणीने तो ऋण आकडा बिनतक्रार पास केला. १९९६ मध्ये एरियान-५ रॉकेट पहिल्याच उड्डाणात नष्ट झाले, तेही याच जातीच्या चुकीमुळे. तिथे ६४ बिटांची संख्या १६ बिटांत कोंबली गेली होती.

बँकेच्या प्रणालीत गडबड झाली तर कोणीतरी अधिकारी उलटी नोंद करून हिशेब जुळवतो. इथे तसा अधिकारी नाही. प्रोग्राम जे मान्य करेल तोच हिशेब. २०१० मध्ये मात्र काही तासांत दुरुस्त आवृत्ती आली आणि त्या चुकीच्या ब्लॉकला जोडत गेलेली ब्लॉकांची साखळी मागे पडली. जाळे लहान होते, पैसाही किरकोळ, म्हणून निभावले.

मार्च २०१३ चा प्रसंग मला जास्त बोलका वाटतो. बिटकॉइनच्या ०.८ या नव्या आवृत्तीत डेटाबेस बदलला होता. नव्या आवृत्तीने एक मोठा ब्लॉक स्वीकारला. जुन्या डेटाबेसमध्ये एकावेळी किती लॉक (नोंद बदलताना तिला तात्पुरते लावलेले कुलूप) लावता येतात याला मर्यादा होती, म्हणून जुन्या आवृत्तीने तो नाकारला. त्या मर्यादेची कल्पनाच कोणाला नव्हती. काही तास एकाच चलनाच्या दोन वह्या चालू राहिल्या. शेवटी मायनरांनी, म्हणजे साखळीत नवे ब्लॉक जोडणाऱ्यांनी, एकमेकांत ठरवून ०.७ या जुन्या आवृत्तीकडे माघार घेतली. म्हणजे दोष जुन्यात आणि माघारही जुन्याकडेच! सगळ्यांनी सारखे चुकणे हे काहींनी बरोबर असण्यापेक्षा परवडते, असा उफराटा नियम इथे लागू पडला.

जून २०१६ मध्ये ‘द डीएओ’ या निधीतून सुमारे ३६ लाख इथर वळवले गेले. हा निधी इथेरियम या दुसऱ्या साखळीवर होता आणि इथर हे तिचे चलन. निधी चालवणारा करार, म्हणजे साखळीवर आपोआप चालणारा प्रोग्राम, आधी पैसे द्यायचा आणि शिल्लक नंतर कमी करायचा. मधल्या फटीतून तीच मागणी पुन्हा पुन्हा करता आली. २० जुलैला हार्ड फोर्क करून, म्हणजे नियम बदलून साखळीला नवा फाटा काढून, पैसे परत मिळवले, पण ज्यांना हे पटले नाही त्यांनी जुनी साखळी चालूच ठेवली. तीच इथेरियम क्लासिक.

नोव्हेंबर २०१७ मध्ये इथर ठेवण्याच्या पॅरिटी वॉलेटच्या सामाईक लायब्ररीची (अनेक वॉलेटे ज्यावर चालत त्या एकाच कोडची) मालकी कोणालाही घेता येईल अशी उघडी राहिली होती. एकाने ती घेतली आणि लायब्ररीच नष्ट केली. चोरी झाली नाही, पण ५ लाखांहून अधिक इथर कायमचे अडकले. ते सोडवण्याचा प्रस्ताव आला. पुन्हा फूट पडेल या धास्तीने तो बारगळला.

सप्टेंबर २०१८ मध्ये बिटकॉइनमध्ये, तेच नाणे एका व्यवहारात दोनदा खर्च करू देणारी चूक सापडली. वेग वाढवण्यासाठी एक तपासणी गाळल्याने ती आत शिरली होती. दुरुस्ती ०.१६.३ मध्ये आली, तेव्हा या चुकीने संगणक बंद पडू शकतात एवढेच सांगितले गेले. नवी नाणी निर्माण होऊ शकतात, ही गोष्ट मायनरांना आवृत्ती बदलायला वेळ मिळावा म्हणून दोन दिवस झाकून ठेवली होती.