लहान खोलीला पांढराच रंग हवा, हे अर्धंच खरं

‘खोली लहान आहे ना? मग पांढराच मारा, मोठी दिसेल.’ गिरगावच्या चाळीपासून कांदिवलीच्या वन बीएचकेपर्यंत हा सल्ला वर्षानुवर्षं फिरतोय. त्यापायी कित्येकांनी मनातला रंग सोडून दिला, याचं मला खरंच वाईट वाटतं.

पांढरा रंग उजेड तयार करत नाही, आलेला परत फेकतो. हे मोजायला एलआरव्ही नावाचा आकडा असतो: 0 म्हणजे काळाकुट्ट, 100 म्हणजे सगळा उजेड परत. बहुतेक पांढऱ्या छटा 80 च्या वर असतात. पण खिडकीसमोरच शेजारच्या इमारतीची भिंत असेल, तर परत फेकायला उजेड येणार कुठून? अशा खोलीत पांढरी भिंत कोपऱ्यांत राखाडी, मळकट दिसते. तिथे क्रीम किंवा फिकट पीच जास्त खुलतो.

मुळात खोली लहान वाटते ती तुकड्यांमुळे. भिंत एका रंगाची, चौकट दुसऱ्या, कपाट तिसऱ्या. नजर जागोजागी अडते. तिन्ही एकाच छटेत घ्या, कडा विरून जातात. मग मध्यम गडद हिरवाही चालतो. छत मात्र पांढरंच ठेवा.

आणि नुसत्या शेड कार्डावरून ठरवू नका. रंगाऱ्याकडून भिंतीवर दोन फुटी चौकोन दोन हात मारून घ्या आणि सकाळी, दुपारी, रात्री बघा. दिव्याच्या उजेडाची छटा केल्विनमध्ये मोजतात: 6500 केल्विनच्या निळसर पांढऱ्या ट्यूबखाली क्रीम फिका पडतो, 3000 च्या पिवळसर दिव्याखाली तोच पिवळाधमक दिसतो.