'या' (स्पॅनिश क्रियाविशेषण)

'या' हे स्पॅनिशमधील पदोपदी कानावर पडणारे कालवाचक क्रियाविशेषण. लॅटिन 'याम' हे त्याचे मूळ. इटालियन 'जा' आणि फ्रेंच 'देजा'मधला 'जा' त्याच मुळातून निघाले. अर्जेंटिनाची राजधानी ब्वेनोस आयरेसमध्ये त्याचा उच्चार 'शा' असा ऐकू येतो.

शब्दकोश त्याचे अर्थ 'आधीच', 'आता', 'लगेच' असे देतात आणि नवशिका गोंधळतो. खरे तर 'या' वेळ सांगण्यापेक्षा स्थिती पालटल्याचे सांगते. 'तोदाबीया' (अजून) या शब्दाशेजारी ठेवले की हे लख्ख दिसते. 'या युएबे' म्हणजे पाऊस सुरू झाला, 'तोदाबीया युएबे' म्हणजे अजून पडतोय. 'या नो युएबे' म्हणजे आता थांबलाय, तर 'तोदाबीया नो युएबे' म्हणजे अजून आलेलाच नाही. नुसते 'नो युएबे' म्हटले, तर पाऊस पडत नाही एवढेच कळते. आधी पडत होता का, हे गुलदस्त्यातच राहते.

क्रियापदाचा काळ बदलला की 'या'चा सूरही बदलतो. जेवण झाल्याचे मेक्सिकोत 'या कोमी', तर स्पेनमध्ये बहुधा 'या ए कोमीदो' असे सांगतात. दारावरची बेल वाजली की आतून हाक येते, 'या बोय!' शब्दशः हे 'जातो' असले, तरी मराठी माणूस तिथे 'आलो, आलो!' म्हणेल. आपण भूतकाळ वापरून जी तातडी आणतो, ती स्पॅनिश भाषक 'या'वर सोपवतो. भविष्यकाळात मात्र ही तातडी पार ओसरते. 'या बेरेमोस' म्हणजे 'बघू पुढे'. 'या ते यामारे' म्हणजे 'करीन तुला फोन'. तो आज येईल, असे धरून बसू नये.

एकटे 'या'ही पुरते. शर्यत सुरू करताना 'लिस्तोस, या!' असा पुकारा होतो. चिलीत ते 'बरं, ठीक' या अर्थाने येते. स्पेनमध्ये 'या, या' असे लांबवले, की ऐकणाऱ्याचा विश्वास बसलेला नाही असे समजावे. 'या के' हे मात्र कारण सांगणारे अव्यय आहे: 'ज्याअर्थी'.

'बास्ता' (पुरे) या शब्दाशी जोडले, की त्याला राजकीय धार येते. १ जानेवारी १९९४ रोजी मेक्सिकोच्या चियापास राज्यात उठाव करणाऱ्या झापातिस्तांची (आदिवासींच्या हक्कांसाठी लढणाऱ्या बंडखोरांची) 'या बास्ता!' ही घोषणा जगभर पोहोचली. स्पेनच्या बास्क प्रांतात 'एता' या सशस्त्र फुटीरतावादी संघटनेच्या दहशतवादाविरुद्ध उभ्या राहिलेल्या नागरिकांच्या संघटनेने हेच शब्द उलटवून 'बास्ता या' हे नाव घेतले. तिला २००० साली युरोपीय संसदेचा, विचारस्वातंत्र्यासाठी दिला जाणारा साखारोव्ह पुरस्कार मिळाला.