लिफ्टमधील वर्तन (बेळगाव सीमाभाग)

लिफ्टच्या बंद खोक्यात अनोळखी माणसे क्षणभर एकत्र आली की कशी उभी राहतात, कुठे बघतात आणि कधी बोलतात, याचे निरीक्षण. एडवर्ड हॉल या अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञाने 1966 मध्ये माणसामाणसांतल्या अंतराची मापे मांडली. त्यात 18 इंचांच्या आतली जागा अगदी जिवलगांची. 18 इंच म्हणजे आपला एक हात. भारतीय मानकानुसार सहा जणांची लिफ्ट 408 किलोची, माणशी 68 किलो. ती भरली की हातभर जागा कुणाच्याच वाट्याला येत नाही. मग नजरा मजल्याच्या आकड्यांवर जातात. बघूनही न बघितल्यासारखे करण्याच्या या रीतीला समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने 1963 मध्ये नाव दिले. मराठीत त्याला ‘सभ्य दुर्लक्ष’ म्हणता येईल.

बेळगावातल्या टिळकवाडी-हिंदवाडीच्या अपार्टमेंटांत हे दुर्लक्ष फार तर एक मजला टिकते. पिशवीतून कोथिंबीर डोकावणाऱ्या काकू नवख्याला विचारतातच, ‘कुणाच्यात आलासा ओ?’ प्रश्न चौकशीचा, पण सूर पाहुण्याला पाणी विचारावे तसा.

सीमाभागातला खरा पेच नजरेचा नसून भाषेचा. बेळगाव 1956 मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले, तेव्हापासूनचा वाद रस्त्यावर कितीही तापला, तरी लिफ्टमध्ये तो बटणापाशी मिटतो. दवाखान्याच्या लिफ्टमध्ये बटणांजवळ उभा असलेला ‘एष्टने री?’ (कितवा हो?) असे कन्नडमध्ये विचारतो, रुग्णाचा डबा घेऊन आलेला खानापूरकडचा पाहुणा ‘तीन’ म्हणत तीन बोटेही दाखवतो आणि बटण दाबले जाते. बहुधा पहिला बोलणारा ज्या भाषेत बोलेल तीच त्या फेरीपुरती लिफ्टची भाषा होते. 1962 मध्ये ‘कँडिड कॅमेरा’ या अमेरिकी दूरचित्रवाणी कार्यक्रमात लिफ्टमधले सगळे नट मागच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि बिचारा नवखाही हळूहळू तसाच वळला. इथे देह वळत नाही, जीभ वळते. मोबाईलवर मराठीत चाललेले बोलणेही कन्नड शेजारी आत आल्यावर ‘हां, हां’ एवढ्यावर येते. शेजारी मराठी निघाला तरी तसेच होते, म्हणजे त्यात भाषेपेक्षा संकोच जास्त असावा.

निरीक्षकाची अडचण अशी, की तोही त्या सहांपैकीच एक असतो.

जाळीच्या दाराच्या जुन्या लिफ्टमध्ये दार उघडे राहिले की ध्वनिमुद्रित आवाज हिंदीत ‘कृपया दरवाजा बंद करें’ म्हणत राहतो. तो ना मराठीचा, ना कन्नडचा, म्हणून कुणी मनावर घेत नाही. मग चौथ्या मजल्यावरून हाक येते, ‘ओऽ, दार लावा की!’