कृष्णाकाठचा चैत्र आणि फ्लाय फिशिंगचे वेळापत्रक

इंग्लंड, स्कॉटलंड किंवा अमेरिकेच्या ईशान्य भागातील फ्लाय फिशिंग मंडळांच्या वसंत ऋतूतील कार्यक्रमांवर नजर टाकली, तर त्यांत एक ठरलेला क्रम दिसतो. हिवाळ्यात सभासद एकत्र बसून फ्लाय बांधतात, म्हणजे लहान गळावर पिसे, केस आणि धागा गुंडाळून कीटकाची नक्कल तयार करतात. मार्चच्या सुमारास मोकळ्या मैदानावर दोरी फेकण्याचा सराव होतो, मग नदीतले दगड उलटून कीटकांची पाहणी केली जाते आणि एप्रिल-मेमध्ये ट्राउट माशाच्या शोधात सहली निघतात. हा क्रम रूढीने पडल्यासारखा वाटला, तरी त्याच्या मुळाशी पाण्याचे तापमान आहे. हाच छंद सातारा-सांगलीत रुजवायचा झाल्यास काठी, दोरी आणि बांधणीची कला जशीच्या तशी घेता येईल; वेळापत्रक मात्र उचलून आणता येणार नाही, कारण आपल्या नद्यांचा फाल्गुन-चैत्र अगदी वेगळा असतो.

थंड प्रदेशातील नदीत हिवाळाभर दगडांखाली मेफ्लाय, कॅडिस आणि स्टोनफ्लाय या कीटकांची पिल्ले वाढत असतात. त्यांच्या वाढीचा वेग पाण्यातील उबेवर अवलंबून असतो. ठरावीक किमान तापमानाच्या वर जेवढी ऊब दिवसागणिक साठत जाते, तेवढी वाढ पुढे सरकते. त्यामुळे एका नदीतील एका जातीचे हजारो कीटक जवळजवळ एकाच आठवड्यात पाण्याबाहेर येतात. अमेरिकेत हेंड्रिक्सन नावाने ओळखला जाणारा मेफ्लाय पाणी सुमारे 10 अंश सेल्सियसला पोहोचले की दिसू लागतो, आणि जाणते मासेमार दिनदर्शिकेपेक्षा तापमापकावर अधिक विश्वास ठेवतात. तासगाव-मिरज भागातील द्राक्ष बागायतदारांना हे तत्त्व नवे वाटणार नाही. छाटणीनंतर थंडी वाढली की घड मागे पडतात, याचे गणितही साठलेल्या उबेवरच मांडले जाते. प्रौढ मेफ्लायचे तोंड खाण्यास निरुपयोगी असते, तो काही तास किंवा फार तर एक-दोन दिवस जगतो, आणि पंख फुटल्यानंतर पुन्हा एकदा कात टाकणारा कीटकांचा हा एकमेव गण आहे. कात टाकण्याच्या आणि अंडी घालण्याच्या या धांदलीत तो पाण्याच्या पृष्ठभागावर असहाय पडलेला असतो, आणि नेमक्या त्याच वेळी पाणी कोमट झाल्याने ट्राउटची भूकही वाढलेली असते. ट्राउटची वीण शरद-हिवाळ्यात उरकलेली असल्यामुळे वसंतात त्याला पकडण्यास हरकतही नसते. कीटक, मासा आणि विणीचा काळ असे तिन्ही धागे तिथे एकाच ऋतूत जुळतात.

आपल्याकडे हे तिन्ही धागे सुटे आहेत. बावधनच्या बगाडाच्या सुमारास साताऱ्यातील ओढे आटू लागलेले असतात. वेण्णा, उरमोडी, तारळी या नद्यांच्या वरच्या भागात वाहते पाणी तुटून मागे डोह उरतात. कृष्णेच्या मुख्य पात्रातील पाणी धरणांतून सुटणाऱ्या आवर्तनांवर आणि उपसा सिंचनाच्या पंपांवर चढउतार करते. कोयनेचे तर बरेचसे पाणी वीजनिर्मितीसाठी सह्याद्रीच्या पलीकडे, पश्चिमेला वळते. म्हणजे तिकडे वसंतात नदी जागी होत असते, तर इकडे ती आक्रसत असते.

याचा पहिला परिणाम प्राणवायूवर होतो. समुद्रसपाटीला 10 अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात साधारण 11.3 मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो. 20 अंशांना हे प्रमाण 9.1 आणि 30 अंशांना 7.6 मिलिग्रॅमवर येते. दुसरीकडे तापमान 10 अंशांनी वाढले की माशाच्या शरीरातील चयापचयाचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो. गरज वाढत असताना पुरवठा घटतो. त्यातच सांडपाणी मिसळले, तर ते कुजवणारे जिवाणू उरलासुरला प्राणवायूही वापरून टाकतात. उन्हाळ्याच्या तोंडावर सांगलीच्या आसपास कृष्णेत मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात, त्यामागचे एक कारण हेच असते. गळाला लागलेला मासा जिवाच्या आकांताने झुंजतो, तेव्हा त्याच्या स्नायूंत लॅक्टिक आम्ल साठते आणि ते निचरण्यासाठी त्याला भरपूर प्राणवायू लागतो. थंड पाण्यात सोडून दिलेला मासा सावरतो. चैत्रातल्या दुपारी कोमट पाण्यात सोडलेला मासा डोळ्यांदेखत पोहत गेला, तरी पुढे तगेलच असे सांगता येत नाही. पकडून सोडून देणे या तत्त्वाचा फ्लाय फिशिंगच्या मंडळांना रास्त अभिमान असतो, पण ते तत्त्व तापमान पाहूनच पाळावे लागते. म्हणून इथल्या मंडळाच्या पेटीत फ्लायच्या डबीआधी तापमापक असावा आणि सहल पहाटे सुरू होऊन उन्हे तापण्याआधी संपावी, असे माझे मत आहे.

डोहांचा प्रश्न याहून नाजूक आहे. पाणी तुटल्यावर ओढ्यातील बहुतेक मासे दोन-चार डोहांत गोळा होतात आणि पावसाळ्यात जन्मणारी पुढची पिढी याच माशांपासून येणार असते. दाटीवाटीमुळे तिथे मासा चटकन गळाला लागतो, हौशी माणसाला मोठे यश मिळाल्यासारखे वाटते, आणि एका सकाळीत संपूर्ण ओढ्याचे नुकसान होऊ शकते. या डोहांवर वसंतात दोरी टाकूच नये. त्याऐवजी तलावांच्या आणि धरणांच्या उथळ कडांना, तिथल्या मच्छीमार संस्थेची परवानगी घेऊन, चिलापीच्या मागे लागावे. मूळचा आफ्रिकेतील हा मासा 1952 मध्ये भारतात आणला गेला आणि आता जवळजवळ सर्वत्र पसरला आहे. कमी प्राणवायूतही तो तग धरतो, नर काठाजवळच्या उथळ तळात खळगी करून ती राखतो, मादी अंडी आणि पिल्ले तोंडात सांभाळते, आणि बारीक फ्लायवर तो चटकन झेपावतो. तो पकडून घरी नेला तर नदीचे काही बिघडत नाही, उलट देशी माशांना थोडी मोकळीकच मिळते. महसीरच्या रुबाबापुढे चिलापी फिका वाटेल, हे मान्य आहे. पण शिकण्यासाठी त्याच्याइतका सोयीचा मासा नाही.

पाण्यावर जाण्याआधीचा मैदानावरील सराव मात्र वसंतातच उत्तम होतो, आणि त्यामागचे भौतिकशास्त्र मोठे सुरस आहे. नेहमीच्या गळाच्या मासेमारीत शिशाचे वजन फेकले जाते आणि ते आपल्यामागे दोरी ओढून नेते. फ्लायला वजन जवळजवळ नसतेच, म्हणून इथे वजन दोरीलाच दिलेले असते. 5 क्रमांकाच्या दोरीच्या पहिल्या 9 मीटरांचे वजन सुमारे 9 ग्रॅम भरते. काठी पुढे आणून एकदम थांबवली की दोरीचा वरचा भाग पुढे धावत राहतो, काठीच्या टोकाला जोडलेला खालचा भाग थांबतो आणि दोहोंमध्ये इंग्रजी यू अक्षरासारखा फास तयार होतो. फास पुढे उलगडत जातो तसतसा धावणारा भाग आखूड होत जातो, म्हणजे तीच गतिज ऊर्जा कमी कमी वस्तुमानात एकवटते आणि हवेचा रोध असूनही वेग टिकून राहतो. बैलगाडीवानाचा आसूड याच तत्त्वाने कडाडतो. फरक असा की आसुडाचे टोक कडाडावे लागते आणि फ्लाय अलगद उतरावी लागते. म्हणून दोरीचे टोक आणि त्यापुढचा पारदर्शक धागा क्रमाने बारीक केलेला असतो, जेणेकरून शेवटची ऊर्जा हवेतच विरून जावी.

नवशिक्यांच्या बहुतेक चुका काठीचे टोक कोणत्या वाटेने जाते, यात सापडतात. टोक सरळ रेषेत पुढे गेले तर फास अरुंद होतो आणि हवा कापत जातो. मनगट ढिले सोडून टोक कमानीसारखे फिरवले तर फास रुंद होतो, हवेचा रोध वाढतो आणि दोरी पुढ्यातच गोळा होऊन पडते. मागे फेकल्यावर दोरी पूर्ण ताणली जाईपर्यंत क्षणभर थांबावे लागते, कारण ताणलेल्या दोरीच्या वजनानेच काठी वाकते आणि वाकलेल्या काठीत साठलेली ऊर्जा पुढच्या फेकीला मिळते. ताकदवान माणसाला हे थांबणे जड जाते, आणि पहिल्या दिवशी शाळकरी मुले मोठ्यांपेक्षा सरस ठरतात, ती यामुळेच. सरावासाठी गळ काढून टोकाला लोकरीचा लहान गोंडा बांधावा, म्हणजे कोणाच्या डोळ्याला इजा होत नाही.

मैदानावर साधलेली फेक नदीकाठी उपयोगी पडण्यासाठी मासा काय पाहतो, हेही समजून घ्यावे लागते. पाण्याचा वक्रीभवनांक 1.33 असल्यामुळे पाण्याबाहेरचे सगळे जग माशाला डोक्यावरच्या एका वर्तुळातूनच दिसते. या वर्तुळाकडे जाणारा दृष्टीचा शंकू सुमारे 97 अंशांचा असतो आणि वर्तुळाचा व्यास माशाच्या खोलीच्या सव्वादोन पटींहून किंचित अधिक भरतो. 30 सेंटिमीटर खोल असलेल्या माशाचे बाहेरचे जग जेमतेम 68 सेंटिमीटरांच्या खिडकीत मावते. वर्तुळाबाहेर पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा होऊन त्यात तळाचे प्रतिबिंब दिसते. क्षितिजालगतच्या वस्तू या खिडकीच्या कडेला दाबल्या जाऊन अतिशय पातळ दिसतात, त्यामुळे काठावर बसून किंवा वाकून चालणारा माणूस माशाच्या नजरेतून बराचसा सुटतो, तर उभा राहून हात फिरवणारा थेट खिडकीच्या आत येतो. फ्लाय खिडकीत येण्याआधी माशाला तिचे पाय आरशात पाडत असलेले खळगे तेवढे दिसतात. म्हणून तरंगणाऱ्या फ्लायच्या बांधणीत रंगापेक्षा ती पाण्यावर कशी टेकते, याला अधिक महत्त्व द्यावे लागते.

ही बांधणी मुख्यतः कोंबड्याच्या मानेच्या ताठ पिसांवर चालते आणि ती पिसे आपल्याकडे गावोगाव मिळतात. सह्याद्रीचा या कलेशी एक जुना आणि फारसा सुखद नसलेला संबंधही आहे. आपल्या जंगलातील राखी रानकोंबड्याच्या मानेवरील मेणचट चकाकीच्या ठिपक्यांची पिसे सॅमन माशासाठी बांधल्या जाणाऱ्या विलायती फ्लायमध्ये फार मोलाची मानली जात, आणि त्यासाठी या पक्ष्याची मोठी शिकार झाली. आज वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार त्याला संरक्षण आहे. जंगलात सापडले म्हणून एखादे पीस उचलून बांधायला घेण्याचा मोहही टाळावा.

दगड उलटून कीटक पाहण्याचा कार्यक्रम मात्र तिकडून जसाच्या तसा घेण्याजोगा आहे. ब्रिटनमध्ये मासेमार स्वयंसेवक 3 मिनिटे पायाने नदीचा तळ ढवळतात, प्रवाहाच्या खालच्या बाजूला धरलेल्या जाळीत आलेले जीव पांढऱ्या तबकात घेऊन मोजतात आणि पुन्हा पाण्यात सोडतात. मेफ्लाय, स्टोनफ्लाय आणि कॅडिस यांच्या पिल्लांना स्वच्छ, प्राणवायूयुक्त पाणी लागते. प्रदूषण वाढले की ती आधी नाहीशी होतात आणि तांबड्या अळ्या तेवढ्या उरतात. या अळ्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या कमी प्राणवायूतही जगतात. प्रयोगशाळेतील चाचणी त्या क्षणाचे पाणी तपासते, कीटक मात्र मागच्या काही आठवड्यांची साक्ष देतात. अजून वाहत्या असलेल्या वरच्या ओढ्यांत आणि खाली कराडनंतरच्या पात्रात अशी पाहणी दर फाल्गुनात एकाच ठिकाणी, एकाच रीतीने केली, तर काही वर्षांत नदीचा बरावाईट कल कळू लागेल. ट्राउटच्या सहलीपेक्षा हा उद्योग मला अधिक मोलाचा वाटतो.

पाण्यात उतरण्याबाबत एक इशारा आवश्यक आहे. तिकडे रबरी विजार घालून कमरेइतक्या पाण्यात उभे राहण्याची पद्धत आहे. औदुंबर, भिलवडी आणि सांगलीच्या पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत आणि फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा काठावर खड्डा करून अंडी घालण्याचा काळ आहे. या पट्ट्यात पाण्यात उतरू नये आणि मऊ मातीच्या काठावर रेंगाळूही नये. कोयना अभयारण्य आणि चांदोली राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीत तर मासेमारीचा विचारच नको.

तिकडच्या मेफ्लायच्या उठावाची बरोबरी करणारी घटना आपल्याकडेही घडते, फक्त ती जमिनीतून येते. उष्ण कटिबंधातील नद्यांत कीटकांच्या पिढ्या वर्षभर होत राहतात, त्यामुळे ठरावीक आठवड्यात थवे उठण्याचा प्रकार तेवढा ठळक नसतो. वळवाचा पाऊस पडून माती भिजली आणि हवा दमट झाली की मात्र संध्याकाळी वारुळांतून पंख फुटलेली वाळवी हजारोंनी बाहेर पडते, वाऱ्याने पाण्यावर पडते आणि मासे पृष्ठभागावर तुटून पडतात. वाळवीची साधी, तपकिरी अंगाची आणि लांब पारदर्शक पंखांची फ्लाय बांधून ठेवलेल्या माणसाचा वसंत खऱ्या अर्थाने त्या संध्याकाळी सुरू होतो. काठावरच्या उंबराची फळे पाण्यात पडतात तिथे महसीर घुटमळतो, कारण तो कीटक, खेकडे, शिंपले आणि फळे असे सगळेच खातो. दख्खनी महसीर म्हणजे टॉर खुद्री. कर्नल साइक्सने 1839 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, ते पुण्याच्या मुळा-मुठेतील माशावरून.

हा मासा कमी झाला म्हणून मंडळाने बीज आणून सोडावे, अशी सूचना कोणीतरी करतेच. लोणावळ्याजवळील टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून टॉर खुद्रीची पैदास होत आली आहे आणि त्याचे बीज दूरदूरच्या नद्यांत गेले. कावेरीत ते सोडल्यानंतर तिथला मूळचा कुबडा महसीर मागे हटत गेला आणि आज तो नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. आपल्या खोऱ्यात टॉर खुद्री मूळचाच असला, तरी कुठल्या नदीच्या वंशाचे बीज आपण आणत आहोत, हे तज्ज्ञांना विचारल्याशिवाय असा कार्यक्रम करू नये.

मृग लागला की दोरी गुंडाळून ठेवावी. ट्राउटच्या उलट, आपल्या नद्यांतील महसीर आणि इतर बरेच देशी मासे पावसाळ्यात विणतात; पहिल्या पुराबरोबर उथळ ओढ्यांत शिरणारे चढणीचे मासे पोटात अंडी घेऊनच वर निघालेले असतात. ते चवीला उत्तम म्हणून घरोघर आवडीने शिजतात, पण एका मादीबरोबर हजारो अंडी कढईत जातात. तेव्हा जून ते सप्टेंबर सुट्टी आणि ऑक्टोबरमध्ये पाणी निवळल्यावर पुन्हा सहली, असे इथल्या मंडळाचे वर्ष बसते.