बदलीच्या फर्निचरची फसवणूक

समाजमाध्यमांवर परिचिताच्या नावाने तोतया खाते काढून केली जाणारी आर्थिक फसवणूक. बदली झालेल्या लष्करी किंवा निमलष्करी अधिकाऱ्याचे घरसामान तातडीने विकायचे आहे, अशी यात बतावणी असते. देशभर चालणारी ही युक्ती नागपुरात चटकन खरी वाटते, कारण कामठीची छावणी, वायुसेनानगर, हिंगणा मार्गावरील केंद्रीय राखीव पोलीस दलाचे (सीआरपीएफ) केंद्र यांमुळे बदल्या आणि त्यानिमित्त विक्रीला निघणारे सोफे, फ्रिज, कूलर इथे नित्याचेच आहेत.

भामटा एखाद्याच्या फेसबुक खात्यावरचे नाव व फोटो उचलून त्याच्याच मित्रांना नव्याने रिक्वेस्ट पाठवतो. ख्यालीखुशाली विचारून मोबाइल क्रमांक घेतो. मग ‘सीआरपीएफमधला मित्र’ व्हॉट्सॲपवर येतो. सामानाचे, गणवेशातले, ओळखपत्राचे फोटो पाठवतो. किंमत कमी, पण पटेल इतपत. पैसे भरले की ट्रकभाडे, पुढे परत मिळणारी अनामत, अशा मागण्या वाढतात आणि आधीची रक्कम अडकल्यामुळे माणूस पुढचीही भरतो.

फसलेल्याला लोभी ठरवणे अन्यायाचे आहे. त्याने विश्वास ठेवलेला असतो तो ओळखीच्या माणसावर. घाईत असलेल्या कुणाची अडचण भागते आहे, असेही त्याला मनापासून वाटत असते. त्यामुळे खात्रीही त्या ओळखीच्या माणसाकडूनच करावी. आपल्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर फोन लावून ‘भाऊ, हा मेसेज तुम्हीच केला का?’ एवढे विचारले की बनाव उघडा पडतो. सामान प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय पैसे देऊ नयेत. यूपीआय पिन पैसे देण्यासाठी लागतो, घेण्यासाठी कधीच नाही.

ज्याच्या नावाने खाते निघाले त्याने परिचितांना लगेच कळवावे, त्यांच्याकडूनही ते खाते रिपोर्ट करवून घ्यावे आणि आपली मित्रयादी इतरांना दिसणार नाही अशी ठेवावी.

पैसे गेल्यास १९३० या राष्ट्रीय हेल्पलाइनवर ताबडतोब फोन करावा. रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी गोठवता आली तरच ती वाचण्याची आशा असते. घरचे काय म्हणतील या संकोचात नेमका हाच वेळ जातो. चॅट पुसू नये. स्क्रीनशॉट, व्यवहार क्रमांक आणि तोतया खात्याची लिंक तक्रारीला लागते. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मधील कलम ६६-सी व ६६-डी यांखाली अशा गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे. ‘गेलेले पैसे परत मिळवून देतो’ म्हणत शुल्क मागणारे पुढे येतात, तेही भामटेच असतात. पोलीस तक्रारीसाठी पैसे घेत नाहीत.