तळणाचं तेल आणि डिझेल इंजिन: कृष्णाकाठची पार्श्वभूमी

गावच्या सहकारी संस्थेनं वडे-भज्यांच्या गाड्यांवरून तळणाचं उरलेलं तेल गोळा करायचं आणि त्याच्या बायोडिझेलवर ट्रॅक्टर चालवायचे, ही कल्पना कालपरवाची वाटते. पण तिचे निम्मे धागे सव्वाशे वर्षांचे आहेत आणि उरलेले बरेचसे सातारा-सांगलीतच सापडतात.

पॅरिसच्या १९०० च्या जागतिक प्रदर्शनात ‘ऑटो’ नावाच्या इंजिन कंपनीनं एक लहान डिझेल इंजिन शेंगतेलावर चालवून दाखवलं. हौस फ्रेंच सरकारची. आफ्रिकेतल्या वसाहतींत भुईमूग मुबलक होता, तेव्हा बाहेरून कोळसा न नेता तिथली यंत्रं तिथल्याच तेलावर चालावीत, हा हिशेब. इंजिन इतकं सुरळीत चाललं की इंधन वेगळं आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आलं, असं या इंजिनाचा जनक रुडॉल्फ डिझेलनं १९१२ मध्ये नमूद केलं. दर १० ऑगस्टला जैवइंधन दिनाच्या भाषणांत त्यानं १८९३ सालीच शेंगतेलावर इंजिन चालवल्याचं ठोकून देतात. त्या तारखेला आउग्सबुर्गमध्ये इंजिनाची पहिली चाचणी झाली होती, एवढंच. शेंगतेल सात वर्षांनी आलं.

साताऱ्याला हे इंजिन फार काळ परकं राहिलं नाही. धनजीशा कूपर यांच्या कारखान्यात आधी लोखंडी नांगर होत; १९३० च्या दशकात तिथं डिझेल इंजिनं घडू लागली, देशी बनावटीच्या अगदी सुरुवातीच्या इंजिनांपैकी. (हेच कूपर १९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पहिले पंतप्रधान होते, तेव्हा प्रांताच्या प्रमुखाला तसं म्हणत.) पुढे विहिरीवरच्या मोटा सुटल्या, गावोगावी पिठाच्या गिरण्या धडधडू लागल्या, त्या अशा इंजिनांवर.

मग शेंगतेल मागे का पडलं? एक तर खनिज डिझेल स्वस्त झालं. दुसरं, तेल डिझेलपेक्षा कितीतरी दाट. नोझलवर काजळी धरते, इंजिन आतून चिकटतं. यावरचा उपाय ब्रुसेल्सचे संशोधक शावान यांनी १९३७ च्या पेटंटात मांडला: तेलाची अल्कोहोलशी प्रक्रिया करून ग्लिसरीन वेगळं काढायचं. आजही मूळ कृती तीच. १०० किलो तेलाला साधारण ११ किलो मिथेनॉल (एक प्रकारचं अल्कोहोल) खपतं, पण घालताना जवळपास दुप्पट घालतात; सोबत थोडा कॉस्टिक सोडा, तापमान ६० अंशांच्या आसपास. खाली ग्लिसरीन बसतं, वर बायोडिझेल राहतं. तळणाच्या तेलात मात्र पाणी आणि आम्लता जास्त. ती आधी उतरवली नाही तर बायोडिझेलऐवजी साबणाचा लगदा हाती येतो. शिवाय गाड्यांवर बहुतेक पामतेल असतं. त्याचं बायोडिझेल १५ अंशांच्या आसपास गढुळायला लागतं, त्यामुळे महाबळेश्वरच्या हिवाळ्यात शुद्ध बायोडिझेलवर जीप सुरू होईल याची खात्री कोणी देऊ नये.

जैवइंधनाचं सरकारी पर्व सुरू झालं तेव्हाही हा भाग आघाडीवर होता. पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळण्याचे पथदर्शी प्रकल्प २००१ मध्ये देशात तीन ठिकाणी झाले, त्यांत एक मिरज. इथेनॉल रुजलं, कारण ते ज्यापासून बनतं ती मळी साखर कारखान्यात आयती एका जागी साठते. डिझेलच्या वाट्याला मात्र मोगली एरंड (जत्रोफा), म्हणजे तेलबियांचं झुडूप आलं. नियोजन आयोगाच्या समितीनं २००३ मध्ये पडीक जमिनीवर त्याच्या प्रचंड लागवडीचं स्वप्न रंगवलं. २००९ च्या धोरणानं २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचं लक्ष्य ठेवलं. पडीक रानात बिनपाण्याचं झाड जगलं, पण बी धरेना. माण-खटावच्या शेतकऱ्याला हे कोणी आधी विचारलं असतं तर त्यानं फुकट सांगितलं असतं.

त्यानंतर नजर कढईकडे वळली, तीही आधी आरोग्याच्या कारणानं. तेल पुन्हा पुन्हा तापलं की त्यात ध्रुवीय संयुगं, म्हणजे तेल बिघडून होणारी द्रव्यं, वाढतात. ती २५ टक्क्यांवर गेली की तेल वापरायचं नाही, हा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला. मग टाकायचं कुठं? म्हणून त्याच ऑगस्टमध्ये वापरलेलं तेल गोळा करून त्याचं बायोडिझेल करायची ‘रुको’ योजना आली, आणि २०१९ मध्ये तेल कंपन्यांनी अशा बायोडिझेलला पहिल्या वर्षासाठी लिटरला ५१ रुपये देऊ केले. पण ती सुरुवात १०० शहरांपुरती होती. तेलाची नोंद ठेवण्याची सक्तीही दिवसाला ५० लिटरहून जास्त तेल वापरणाऱ्यांना. एसटी स्टँडवरची भज्यांची गाडी यात कुठंच बसत नाही.

सहकाराचा प्रश्न इथं येतो. रसायन सोपं आहे, गोळा करणं अवघड. चौकाचौकांत दोन-दोन लिटर तेल पडून असतं आणि तेही फुकट मिळत नाही. साबणवाला नेतो, नाहीतर त्याहून लहान गाडीवाला पुन्हा तळायला नेतो. थोडं थोडं रोज आणायचं, जागेवर तपासायचं, प्रतीप्रमाणे दर लावायचा आणि ठरल्या दिवशी बिल काढायचं, हे काम गावची दूध संस्था फॅट लावून वर्षानुवर्षं करत आली आहे. म्हणून मला साखर कारखान्यापेक्षा दूध संस्था या धंद्याला जवळची वाटते.

पुढची अडचण कायद्याची. २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पंपावर शुद्ध बायोडिझेल डिझेलमध्ये मिसळण्यासाठीच विकता येतं, त्यासाठी नोंदणी लागते आणि माल आयएस १५६०७ या मानकात बसावा लागतो. मिथेनॉल विषारी आणि ज्वालाग्राही, त्याची साठवण परवान्याचं काम. बीएस-६ (धुराच्या नव्या, कडक नियमांच्या) गाड्यांचे उत्पादकही थोड्याशाच मिश्रणाला मान्यता देतात. तेव्हा गावच्या संस्थेला आज झेपण्यासारखं काम म्हणजे तेल गोळा करून, गाळून, पाणी काढून मोठ्या कारखान्याला विकणं. स्वतःची भट्टी लावायचीच असेल, तर ती संस्थेच्या जुन्या ट्रॅक्टरांपुरती.